साक्ष दिलेला पाय

पोंता दो सिरीच्या धक्क्यावर होडीतून उतरणाऱ्या माणसाला गाव दिसायच्या आधी झुलमिराचा उजवा पाय दिसायचा. दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला दारापेक्षा मोठा प्लास्टिकचा फलक, आणि त्यावर तिचा पाय. टाच, घोटा, पाचही बोटं, आणि करंगळीखाली गुलाबी कातडीची एक टिकली. बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की दीड वर्षाची जखम एका रात्रीत मिटली, तुमची कधी मिटणार? त्याखाली पाळक ग्लेयडसनचं हसरं तोंड आणि रविवारच्या उपासनेच्या वेळा.

पाय तिचाच होता, पण नोव्हेंबरातला. आता एप्रिल उजाडला होता, आणि खरा पाय रोज त्या फलकाखालून जावयाच्या जुन्या फुटबॉलच्या मोज्यात दडून जात होता. मोजा संध्याकाळी सोलून काढावा लागायचा. झुलमिरा दार लावून घ्यायची, आरोएरा नावाच्या औषधी झाडाच्या सालीच्या कोमट पाण्यात पाय बुडवायची आणि तोंडात पदराचा बोळा धरावा तसा टॉवेलचा कोपरा धरायची, कारण भिंतीपलीकडे तिची मुलगी केझिया आणि सात वर्षांची नात तालिता राहत होत्या.

ही चोरी तिने आणखी किती दिवस चालवली असती, देव जाणे. पण पवित्र सप्ताहातल्या बुधवारी केझिया उड्या मारतच घरात आली. म्हणाली, आई, ठरलं. पुनरुत्थानाच्या रविवारी तालिताच्या गोळ्या मंचावर ठेवायच्या. पाळकसाहेब हात ठेवणार, आणि त्या दिवसापासून आकडी बंद, गोळ्याही बंद.

झुलमिराने विचारलं, डॉक्टरांना विचारलंस का?

“तू विचारलं होतंस?” केझिया म्हणाली. “तुझा पाय बरा झाला ना? मग माझ्या पोरीचं डोकं होणार नाही? तुझ्या पायाकडे बघूनच तर मला धीर आला, आई.”

झुलमिराचा मोज्यातला पाय त्या क्षणी जेवढा ठणकला तेवढा कालवाच्या शिंपल्याच्या धारेवर पडला तेव्हाही ठणकला नव्हता.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती. नऊ वर्षांची असल्यापासून ओहोटीबरोबर खारफुटीत उतरत होती. शिंपल्या, कालवं, आणि मुळांवर चढणारे तांबडे खेकडे. हे खेकडे धरायची तिथल्या बायकांची एक तऱ्हा आहे. डब्यावर बोटांनी ताल धरायचा, गाणं म्हणायचं, खेकडा ऐकायला म्हणून पुढे सरकतो आणि काठीच्या दोऱ्याला बांधलेलं आमिष धरून बसतो. गाणं झुलमिराचं बेताचंच होतं. खरी किंमत होती तिच्या हाकेला. मुळांच्या जाळीत माणूस दहा हातांवर दिसत नाही, आणि भरती पाठीमागून येते. ज्या बाईला पाणी फिरल्याचं आधी कळेल तिने एक लांब, उंच हाक घालायची. ती ऐकली की हातातली शिंपली अर्धी उघडली असली तरी टाकायची आणि निघायचं. कोण ओरडलं, कशाला ओरडलं, हे विचारायचं नाही. पोरी चालायला लागतात तेव्हाच हे शिकतात. झुलमिराची हाक पलीकडच्या तीरापर्यंत जायची. तिच्या हाकेने जगलेल्या बायका गावात मोजून सापडल्या असत्या.

तिचा नवरा एदिवाल्दो मात्र बुडाला. नऊ दिवसांनी समुद्राने त्याला परत दिला. तेव्हा केझिया पाच वर्षांची होती. निळ्या दाराच्या छोट्या प्रार्थनाघरातले वडीलधारे ओतोनियेल आले आणि तिच्या उंबऱ्यावर संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहिले. त्यांची बायको बेनविंदा वर्षभर आपल्या टोपलीतला अर्धा माल झुलमिराच्या परातीत ओतत राहिली. बेनविंदाचं स्वतःचं पोरगं त्याच्या आदल्याच वर्षी तापाने गेलं होतं. त्या मंडळीत एकानेही झुलमिराला सांगितलं नाही, की तुझा विश्वास कमी पडला म्हणून नवरा बुडाला. एकानेही विचारलं नाही, की देवाचं काय द्यायचं ठेवलं होतंस. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की ज्याच्या मागे आपण चाललो त्याने स्वतः वधस्तंभ उचलला होता, तेव्हा वाट सपाट असेल अशी कोणी बोली केली नव्हती. मात्र ज्याच्या खांद्यावर ओझं आहे त्याला एकटं चालू द्यायचं नाही, ही बोली पक्की होती.

मग दोन वर्षांपूर्वी पाळक ग्लेयडसन शहरातून होडीने आला. बर्फाच्या जुन्या गोदामात त्याने ‘सातपट आशीर्वाद’ नावाची मंडळी उभी केली. आत थंड हवा, मऊ खुर्च्या, ढोल, पियानो. तालिताला पहिली आकडी आली तेव्हा केझिया वेड्यासारखी धावत जिथे दिवा दिसला तिथे गेली, आणि दिवा ह्याच गोदामात होता. कोणत्या आईला दोष द्यावा? पोर जमिनीवर निळं पडलेलं असताना आई सैतानाच्या दारावरही धडका मारील. झुलमिरा तिथे गेली ती लेकीसाठी. बेनविंदा तिला म्हणाली होती, जा बाई, तिथल्या खुर्च्यांना पाठ तरी आहे.

पाळक ग्लेयडसन सांगायचा, आजार हा चोर आहे आणि गरिबी हा शाप आहे. तुम्ही राजाची लेकरं, मग तुम्ही चिखलात का लोळता? बायका मान खाली घालायच्या आणि नखांतला चिखल बघायच्या. त्या चिखलाने त्यांची पोरं वाढवली होती, शाळेत घातली होती, प्रेतं झाकली होती. हे ऐकल्यावर बेनविंदा म्हणाली होती, “राजाची लेकरं चिखलात लोळत नाहीत ना? मग दर रविवारी दुपारी आमच्या चिखलातलं दोन किलो खेकड्याचं मांस साहेब कोणाच्या पोटात घालतात?” झुलमिरा तेव्हा हसली होती.

नोव्हेंबरात जखमेवर कातडी धरली. रक्तात साखर वाढलेल्या माणसाची कातडी ती, वरून धरते, आत काय चाललंय ते तिलाच ठाऊक. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने बजावलं होतं, अजून दोन महिने चिखलात उतरू नका, पट्टी सोडू नका. पण त्या गोदामातली रीत अशी होती, की विश्वासाने आधी साक्ष द्यायची, मग देव ती खरी करतो. केझियाने हात धरून आईला उभं केलं. झुलमिरा म्हणाली, पाय बरा होत आलाय. पाळकाने ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापाशी धरून हसत सांगितलं, “होत आलाय नाही, भगिनी. झाला म्हणा. अर्धी साक्ष देवाला चालत नाही.” तीनशे माणसं बघत होती. ती म्हणाली, झाला. टाळ्या पडल्या, कोणीतरी पायाचा फोटो काढला, आणि नाताळाआधी फलक लागला.

जानेवारीत कालवाच्या शिंपल्याच्या धारेने जखम पुन्हा उघडली. ती आधी पाळकाकडेच गेली, कारण खोटं तिच्या पोटात ठरत नव्हतं. त्याने मोजा काढायलाही सांगितलं नाही. म्हणाला, तोंडाने बोलू नका, बोललं की ते खरं होतं. मग विचारलं, देवासाठी काढून ठेवलेलं काही मागे ठेवलंत का? आणि दारापर्यंत पोचवताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुमच्या साक्षीवर किती जीव उभे आहेत, भगिनी झुलमिरा. तुम्ही केंद्रात जाऊन बसलात तर ते कोसळतील.” म्हणून ती केंद्रात गेली नाही. तीन महिने गेली नाही. ज्या माणसाला स्वतःचं साधं डोकं दुखलं तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायला मोटार होती, त्याने एका खेकडेवालीला पाय मोज्यात कुजवायला लावलं, आणि वर ह्याला विश्वास म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी निळ्या दाराच्या प्रार्थनाघरात पाय धुण्याचा विधी होता. वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या आधी, बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे पाय धुतात. जोड्या ठरलेल्या असतात. झुलमिरा आणि बेनविंदाची जोडी सव्वीस वर्षांची. झुलमिरा जायचं नाही असं ठरवूनच घरात बसली होती. पण बुधवारपासून तालिताचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि घरात बसवेना, म्हणून ती गेली आणि शेवटच्या बाकावर टेकली.

बेनविंदा परात घेऊन तिच्यापुढे येऊन गुडघ्यांवर बसली.

“मोजा काढ.”

“ह्या वर्षी राहू दे. सर्दी आहे.”

“पायाला सर्दी झाली होय गं तुझ्या?” बेनविंदा म्हणाली. “सव्वीस वर्षं धुतेय. कुठल्या टाचेला कुठली भेग ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत.”

तिने स्वतःच मोजा उतरवला. वास आला. पुढच्या बाकावरची बाई वळून बघू लागली तशी बेनविंदाने आपला घागरा पसरून पाय झाकला. मग ती उठून गेली, परातीतलं पाणी ओतून उकळून निवलेलं पाणी आणलं, आणि आधी डावा, मग उजवा, जखमेच्या कडेकडेने, एकेक बोट धरून धुतला. करंगळी काळी पडली होती, शेजारचं बोट त्याच वाटेवर होतं. पुसून झाल्यावर तिने पाय मांडीवरच ठेवला.

“कधीपासून?”

“जानेवारी.”

“पोरीचं नाव केझिया ठेवलंस ते कोणाच्या मुलीवरून?”

“सगळं गमावलेल्या ईयोबाच्या.”

“तो राखेत बसून फोड खरवडत होता तेव्हा मित्र येऊन काय म्हणाले? तूच काहीतरी पाप केलं असशील. शेवटी देव रागावला तो कोणावर? ईयोबावर नव्हे. त्या शहाण्यांवर.” बेनविंदाने पायाखाली कोरडं फडकं सरकवलं. “आणि प्रभू कबरेतून उठून आला तेव्हा त्याने घाव बुजवून आणले होते काय? भोकं दाखवली त्याने, हात घालून बघा म्हणाला. त्याला लाज वाटली नाही. आणि तू मोजा घालून बसलीस.”

तेव्हा झुलमिराने तालिताचं सांगितलं. गोळ्यांचं, रविवारचं. बेनविंदाने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, आत्ता घरी जा आणि पोरीला पाय दाखव.

झुलमिराने दाखवला. त्याच रात्री, स्वयंपाकघरातल्या उघड्या दिव्याखाली. केझिया आधी पांढरी पडली, तोंडावर हात ठेवला, आणि झुलमिराला वाटलं, सुटले. पण केझिया रडत रडत म्हणाली, “तू शंका घेतलीस. पाळकसाहेब म्हणतातच, मिळालेलं बरेपण शंकेने परत जातं. तुझा विश्वास ढळला, आई. माझा ढळणार नाही. माझी पोर ह्यातून सुटणार.”

हे ऐकून झुलमिराला लेकीचा राग आला नाही. तिला पहिल्यांदा कळलं, की ह्या शिकवणीला बाहेर पडायचं दारच ठेवलेलं नाही. पाय बरा झाला तर पाळक खरा. नाही झाला तर झुलमिरा खोटी. पोर जगली तर पाळकाचा फलक, आणि मेली तर आईचा गुन्हा. पोराच्या प्रेतावर उभं राहून हा माणूस त्याच्या आईला विचारील, काय मागे ठेवलं होतंस? आतून काहीतरी तापत वर आलं, आणि ते रविवारपर्यंत निवलं नाही.

शुक्रवारी, वधस्तंभाच्या दिवशी, सगळं बंद. शनिवारी बेनविंदा तिला होडीने पलीकडच्या तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन गेली. तरुण डॉक्टरणीने पाय बघून भरती व्हायला सांगितलं, आजच, आत्ताच. एक बोट जाईल, उशीर केला तर जास्त. झुलमिराने विचारलं, उद्या दुपारी आले तर? डॉक्टरणी म्हणाली, बाई, हा पाय उद्याची वाट बघणार नाही.

“त्याला बघावी लागेल,” झुलमिरा म्हणाली. “माझ्या नातीची वेळ उद्या सकाळची आहे.”

तिने औषध घेतलं, स्वतःच्या जबाबदारीवर जाते अशा कागदावर अंगठ्याशेजारी नाव लिहिलं आणि परत आली. बेनविंदा होडीत तिच्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, की जिथे साक्ष दिली तिथेच ती मागे घ्यावी लागणार, हे खरं.

रविवारी गोदाम भरलं होतं. मंचावर पांढऱ्या कापडावर काचेचं भांडं, त्यात तालिताच्या गोळ्यांची पाकिटं. तालिता नव्या झग्यात पहिल्या रांगेत, पाय हलवत बसलेली. पाळक ग्लेयडसन म्हणाला, आधी ह्या लेकराच्या आजीला ऐकू या, फलकावरच्या आपल्या भगिनीला. तो आनंदाने खाली उतरला आणि ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला.

झुलमिराने खुर्चीवर बसून मोजा काढला. पट्टी सोडली. म्हणाली, “हा माझा पाय. तो बरा झालेला नाही. मी खोटं बोलले. तुम्ही माझ्या नातीच्या—”

ध्वनिक्षेपक मेला. पियानो मोठा झाला, ढोल सुरू झाला. पाळक वर चढून म्हणाला, भगिनीवर शत्रूने हल्ला केलाय, सगळ्यांनी हात उंच करा. तीनशे हात वर गेले. दोन स्वयंसेवक पोरं तिच्या दोन्ही बाजूंना आली आणि तिला अदबीने, दंडाला धरून उठवू लागली. ती बोलत होती, ओठ हलत होते, शेजारच्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. केझिया तालिताला घेऊन मंचाच्या पायऱ्या चढत होती.

तेव्हा झुलमिराने छाती भरून हाक घातली.

खारफुटीतली हाक. पाणी फिरल्याची. ती ढोलाच्या वरून गेली, पियानोच्या वरून गेली, पत्र्याच्या छपरावर आपटून खाली आली. हात वर केलेल्या बायका, ज्यांतली निम्मी तिच्याबरोबर चिखलात उतरणारी होती, डोळे उघडायच्या आत उभ्या राहिल्या. खुर्च्या मागे पडल्या. कोणी पोराचं बखोट धरलं, कोणी चपला टाकून दाराकडे वळली. तिथे पाणी नव्हतं हे डोक्याला समजायच्या आधी पायांना हाक समजली होती. आणि पायरीवर उभ्या केझियाने, जिला पाच वर्षांची असताना ह्याच हाकेने दोनदा भरतीतून बाहेर काढलं होतं, तालिताला उचलून कडेवर घेतलं.

वाजवणाऱ्यांचे हात थांबले. त्या शांततेत झुलमिरा म्हणाली, “पाणी फिरलंय, बायांनो. पोराचं औषध जो सोडायला सांगतो त्याच्या अंगणातून बाहेर पडा. माझा पाय गेला तर गेला. तो मी माझ्या तोंडाने घालवला. पोरीचं डोकं माझ्या खोट्यावर जाऊ देणार नाही.”

पाळक हसत काहीतरी म्हणाला. ते कोणी नीट ऐकलं नाही, कारण सगळे त्या पायाकडे बघत होते. सगळेच बाहेर पडले असं नाही. अर्धे राहिले, काहींनी तिला तिथेच शिव्या दिल्या. केझिया पायरीवर खिळून उभी होती. मग तिने कडेवरची पोर सांभाळत एका हाताने काचेच्या भांड्यातली पाकिटं उचलली, आणि आईकडे न बघता तिच्या शेजारून चालत बाहेर गेली.

झुलमिराची एकऐवजी तीन बोटं गेली. डॉक्टरणी फार बोलली, आणि बोलायचा तिला हक्क होता.

पाळक ग्लेयडसन अजून होडीने येतो. आता खाडीपलीकडच्या गावात फलक लागलाय, त्यावर एका म्हाताऱ्याचा डोळा आहे. पोंता दो सिरीतला फलक मात्र काढायला माणसं आली तेव्हा खांबच उभे होते. पुढे जूनच्या पावसात बेनविंदाच्या शिंपल्या उकळायच्या छपरावर नवं प्लास्टिक दिसलं, त्यावर आतल्या बाजूने एक टाच आणि पाच बोटं. केझिया आईशी दोन महिने कामापुरतंच बोलली. मग पावसाच्या एका दिवशी तिघी त्या छपराखाली होत्या, आणि बेनविंदा वर बघून म्हणाली, “सुरी आण गं झुलमिरा. वरची तीन बोटं कापून टाकते, म्हणजे निदान फलक तरी खरा होईल.”

झुलमिरा हसून हसून वाकली. केझिया हसली नाही. तिने चुलीवरून कोमट पाणी उतरवलं, समोर बसली, आईचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली.

“पोरीची गोळी?” झुलमिराने विचारलं.

“दिली,” केझिया म्हणाली. “पाय हलवू नकोस.”